पोरीच्या आठवणीतलं गाव: अस्तेर गन्नो आणि १८९४ चं ओरोमो वाचनपुस्तक

१८८६ साली तांबड्या समुद्रात इटालियन जहाजांनी एक नाव अडवली. गुलाम म्हणून विकायला काढलेली माणसं घेऊन ती अरबस्तानाकडे निघाली होती. त्या माणसांत चौदा-एक वर्षांची एक ओरोमो मुलगी होती, अस्तेर गन्नो. ती जन्मली स्वतंत्र घरात. पुढे लिम्मू-एन्नारिया या राज्याच्या राजाने तिला गुलाम केलं. आजच्या इथिओपियाच्या नैर्ऋत्येला, गिबे नदीच्या खोऱ्यात पाच लहान ओरोमो राज्यं होती, त्यांतलं हे एक. कॉफीसाठी प्रसिद्ध, आणि गुलामांच्या व्यापारासाठीही.

सुटका झाल्यावर तिला एरिट्रियात मसावा बंदराजवळ इम्कुल्लूला आणलं. तिथे स्वीडिश मिशनची शाळा होती. आठ वर्षांनी, १८९४ साली, तिथल्याच छापखान्यातून ओरोमो भाषेतलं एक वाचनपुस्तक निघालं. नाव ‘जल्कबा बर्सीसा’, म्हणजे शिकवण्याची सुरुवात. त्यातला बराच मजकूर अस्तेरने लिहून काढलेल्या साठ्यातून घेतला होता. तो साठा ५०० चा होता: कोडी, प्राण्यांच्या गोष्टी, म्हणी, गाणी. तेव्हा तिचं वय बाविशीच्या आसपास.

हे प्रकरण मला अभ्यासाला घ्यावंसं वाटलं ते एका अडचणीमुळे. म्हण प्रसंगावाचून जगत नाही, असं आपण म्हणतो. ती कुणीतरी, कुणाला तरी, कशावरून तरी म्हणावी लागते. मराठीत तर तिचं नावच ‘म्हणणे’वरून पडलं आहे. इथे गाव सुटलेलं, म्हातारी माणसं सुटलेली, भांडणं सुटलेली, बाजार आणि गुरं सुटलेली. आणि नेमक्या अशा पोरीच्या हातून पाचशे गोष्टी कागदावर येतात. ज्यांचा प्रसंग शाबूत होता त्यांनी लिहिल्या नाहीत, त्यांना गरजच नव्हती. जिचा प्रसंग हिरावला गेला तिने लिहिल्या. यात कमावलं काय आणि गमावलं काय, ते पाहायचं तर आधी ओरोमो म्हण तिच्या घरी कशी नांदते ते पाहायला हवं.

कालवणातलं मीठ

ओरोमो हा इथिओपियातला सर्वांत मोठा समाज. २००७ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे ३४ टक्के होता. उत्तर केनियातले बोराना हेही ओरोमोच. भाषेचं नाव ‘अफान ओरोमो’, आणि ‘अफान’ म्हणजे तोंड. भाषेला तोंड म्हणणाऱ्या लोकांकडे म्हणींचा तोटा नसणार हे उघड आहे.

म्हणीला ते ‘मम्माक्सा’ म्हणतात. म्हणीवरच त्यांच्या दोन म्हणी आहेत. पहिली: “दुब्बीन मम्माक्सा हिन कब्ने, इत्तो सोगिद्दा हिन कब्ने.” बिनम्हणीचं बोलणं म्हणजे बिनमिठाचं कालवण. ही सगळीकडे उद्धृत होते आणि खरं सांगायचं तर थोडी गुळगुळीत झाली आहे. दुसरी जास्त धारदार आहे: “मम्माक्सी दुब्बी फिदा, दुब्बी फिता.” म्हण विषय काढते आणि म्हणच विषय मिटवते. ‘दुब्बी’ म्हणजे बोलणं, आणि ‘दुब्बी’ म्हणजे तंटाही. आणते ती फिदा, संपवते ती फिता. एका व्यंजनाच्या फरकात सगळा कारभार.

हा कारभार बघायची जागा म्हणजे ‘जार्सुम्मा’. ‘जार्सा’ म्हणजे म्हातारा; तंटा मिटवायला बसणारे ते ‘जार्सा बिय्या’, मुलखातले वडीलधारे. बैठक बहुधा झाडाखाली. ओरोमोंच्या मोठ्या सभा तर ‘ओदा’ नावाच्या उंबराच्या जातीच्या झाडाखाली भरत, आणि ओदा नबे, ओदा बुल्तुम अशी काही झाडं म्हणजे तीर्थस्थानंच. समजा, एकाची गुरं दुसऱ्याच्या उभ्या जवात शिरली, शब्दाने शब्द वाढला, काठ्या निघाल्या. दोघांना समोर बसवलं आहे. वडीलधारा माणूस “चूक तुझी” असं म्हणत नाही. तो म्हणतो, दात आणि जीभसुद्धा एकमेकांना लागतात.

एवढ्याशा वाक्यात त्याने काय काय उरकलं ते बघा. दोघांना एका तोंडात कोंबलं, म्हणजे वेगळं होण्याची वाट बंद. कुणी चावलं आणि कुणाला लागलं, हे उघड असूनही उच्चारलं नाही. आणि उद्या सकाळी याच तोंडाने जेवायचं आहे, हेही न बोलता कानावर घातलं. ज्याचं पीक गेलं तो मात्र एवढ्यावर गप्प बसेलच असं नाही. त्याच्याकडेही म्हण आहे: “ढुगान नी कल्लत्ती मले हिन चब्दू.” सत्य बारीक होतं, पण तुटत नाही. म्हणजे समेटाला माझी ना नाही, पण आधी झालं ते कबूल होऊ दे. आता तंटा जवाच्या कणसांवरून उठून या दोन म्हणींच्या मधल्या जागेत आला. तिथे दोघांनाही मान न घालवता मागे सरकता येतं.

आपल्याकडे याला ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणतात. फरक इतकाच की आपण हा प्रकार टोमण्यात जमा करतो, आणि ओरोमो वडीलधारे त्यावर न्याय चालवतात. त्यांच्याकडे न्याय, सत्ता आणि वय ही एकाच दोरीची पेडं आहेत. ‘गदा’ ही त्यांची परंपरागत व्यवस्था वयोगटांवर उभी आहे. दर ८ वर्षांनी सत्ता पुढच्या गटाकडे जाते, आणि बोरानांची ‘गुमी गायो’ ही मोठी सभा दर ८ वर्षांनी भरून नियम पुन्हा एकवार बोलून दाखवते, दुरुस्त करते. २०१६ साली युनेस्कोने गदाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. शतकानुशतकं हा सगळा कायदा तोंडी चालला. अशा ठिकाणी लक्षात राहील असं बोलणं ही नुसती हौस राहत नाही.

सगळ्याच म्हणी मात्र इतक्या सोवळ्या नाहीत. माझी आवडती तरसाची आहे: तरस अनोळखी मुलखात गेलं आणि म्हणालं, “मला बसायला कातडं अंथरा.” गंमत कळायला दोन गोष्टी ठाऊक हव्यात. पाहुण्याला बसायला-निजायला कमावलेलं कातडं अंथरायची रीत आहे. आणि तरस कातडंही खातं. ज्या गावात त्याला ओळखतात तिथे त्याला कोण कातडं अंथरेल? परगावी जाऊन बडेजाव करणाऱ्याला ही एक म्हण पुरते. मुंबईहून गावी आलेला किंवा अमेरिकेहून पुण्याला आलेला एखादा नातेवाईक तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर म्हण बरोबर पोचली.

प्राण्याच्या तोंडी वाक्य घालून “असं गाढवी म्हणाली” म्हणत मोकळं व्हायचं, हा त्यांचा लाडका घाट. “मी मेल्यावर गवतच उगवू नये, म्हणाली गाढवी.” आपल्याकडे हेच ‘आप मेला, जग बुडाला’ असं येतं, पण आपलं वाक्य वैराग्यासारखं ऐकू येतं आणि ओरोमो वाक्यात स्वार्थाला लांब कान फुटतात. बोलणारा मात्र नामानिराळा राहतो. मी कुठे काय म्हणालो? गाढवी म्हणाली.

आणखी एक म्हण इथेच सांगायला हवी, कारण अस्तेरच्या गोष्टीत ती पुन्हा भेटणार आहे: “अब्बान इय्यतू मले, ओल्लान हिन बिर्मतू.” धन्याने हाक मारल्याशिवाय शेजार धावत नाही. ‘अब्बा’ म्हणजे बाप, आणि मालकही. घराचा अब्बा म्हणजे नवरा, गदाचा अब्बा म्हणजे प्रमुख. आपला ‘धनी’ हा शब्द असाच नवऱ्यापासून शेताच्या मालकापर्यंत फिरतो. ‘बिर्मतू’मध्ये नुसती मदत नाही. कुणी संकटाची आरोळी ठोकली की हातातलं टाकून धावायचं, हा शेजाराचा धर्मच. ते धावणं या क्रियापदात आहे. पण पहिली आरोळी धन्याची. आपण म्हणतो, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. आपण ती जबाबदारी आईवर टाकली, त्यांनी शेजारावर. गुरं राखणाऱ्या समाजात चोर आला की आई पुरत नाही, आळी लागते. गेल्या काही दशकांत भाषेसाठी आणि जमिनीसाठी झालेल्या ओरोमो राजकारणात ही म्हण भाषणांत इतकी वापरली गेली की ती आता अर्धी घोषणाच झाली आहे.

म्हणीला वय लागतं, कोड्याला लागत नाही

आता प्रकरणाकडे. चौदा वर्षांच्या मुलीला जार्सुम्माच्या बैठकीत जागा नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर पोराने म्हण फेकणं हे तिकडेही ‘लहान तोंडी मोठा घास’च. ‘सफू’ नावाची त्यांची एक कल्पना आहे. कुणासमोर काय बोलावं, काय करावं, याची मर्यादा. मर्यादा म्हटलं की आपल्याला जे कळतं, साधारण तेच. त्या मर्यादेत पोरांच्या वाट्याला ऐकणं येतं.

पण ऐकणाऱ्या पोरांची स्वतःची एक सभा असते, आणि ती संध्याकाळी चुलीपाशी भरते. ओरोमो मुलं कोडी घालतात ती ठरलेल्या साद-प्रतिसादाने. एक “हिब्बो” म्हणून साद घालतो, दुसरा तयार असल्याचं सांगतो, मग कोडं. उत्तर आलं नाही तर कोडं घालणारा म्हणतो, “गाव दे.” हरलेल्याने एखाद्या गावाचं, मुलखाचं नाव घेऊन ते देऊन टाकायचं; ते खुशाल घेऊन मग जिंकणारा उत्तर सांगतो. चुलीपाशी बसून पोरं अख्खे मुलूख हरतात आणि जिंकतात.

अस्तेरच्या साठ्यात म्हणी वेगळ्या काढून ठेवलेल्या नाहीत. कोडी, गोष्टी, गाणी आणि म्हणी एकत्र नांदतात. विद्वानाने संग्रह केला असता तर त्याने आधी खण पाडले असते. माझा तर्क असा की हे मिश्रण चुलीपाशचं आहे. पोराच्या कानावर म्हण येते ती गोष्टीच्या शेपटाला लागून, कोड्याच्या पाठोपाठ, दळणाच्या गाण्यात अडकून. म्हणून लहानपणी ओढून नेलेल्या मुलीकडे त्या टिकल्या. तंट्याच्या बैठकीतली म्हण बैठकीबरोबर मागे राहिली असती. चुलीपाशची म्हण पोरीच्या डोक्यात बसून समुद्रापर्यंत आली. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण पुस्तकाचा घाट त्याच्या बाजूने बोलतो.

विचारणारा कोण होता

त्या काळात सुटका झालेली आफ्रिकी मुलं मिशनच्या हाती येणं ही नवलाची गोष्ट नव्हती. आपल्या नाशिकचंच बघा. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की १८६० च्या दशकात शरणपूरच्या मिशन वसाहतीत ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं राहत होती? त्यांना बायबल शिकवलं, सुतारकी-लोहारकी शिकवली. त्यांतले काही जण पुढे लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेच्या आतल्या भागात गेले आणि ‘नाशिकची मुलं’ या नावानेच इतिहासात राहिले. मुंबईत या कामात असलेला कार्ल इसेनबर्ग हा मिशनरी आधी इथिओपियात राहून आलेला, अम्हारिक भाषेचं व्याकरण आणि कोश केलेला माणूस होता.

दुसरं उदाहरण थेट ओरोमोंचंच. १८८८ साली ब्रिटिश युद्धनौकेने तांबड्या समुद्रात गुलामांच्या नावा पकडल्या. २०४ ओरोमो सुटले, बहुतेक मुलं. त्यांना एडनला नेलं, आणि त्यांतल्या ६४ जणांना १८९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत लवडेलच्या मिशन संस्थेत पाठवलं. तिथे त्यांच्या हकिगती नीट लिहून घेतल्या: गाव कुठलं, आईबाप कोण, कुणी पकडलं, कोणकोणत्या वाटेने नेलं, कितीदा विकलं. फार मोलाचा ऐवज आहे तो. पण ते प्रश्न गुलामीबद्दलचे आहेत. मुलाला विचारलं गेलं ते ‘तुझं काय झालं’ एवढंच.

इम्कुल्लूत प्रश्न बदलला, कारण विचारणारा बदलला. ओनेसिमोस नेसीब हा स्वतः ओरोमो. मूळ नाव हीका. त्यालाही लहानपणी पळवून गुलाम केलं होतं. १८७० साली मसावाला त्याची सुटका झाली. मिशनने त्याला शिकवलं, स्वीडनला पाठवलं. त्याने घेतलेलं ओनेसिमोस हे नाव नव्या करारातल्या एका गुलामाचं आहे. या माणसाला बायबल ओरोमोत आणायचं होतं, आणि त्याची अडचण अशी की लहानपणीच घर सुटल्यामुळे त्याची स्वतःची भाषा कोवळ्या वयात अडकली होती. त्याला अशी व्यक्ती हवी होती जिच्या तोंडात ओरोमो जिवंत आहे. अस्तेरची भाषेची जाण त्याच्या लवकरच लक्षात आली. तिला ओरोमो शब्दांचा कोश करायला बसवलं, आणि त्या कोशाचा उपयोग १८९३ मध्ये छापलेल्या नव्या कराराचं भाषांतर घासूनपुसून घ्यायला झाला.

म्हणजे म्हणी आणि कोडी लिहून काढण्यामागे मिशनचा हेतू होताच. तो लपवण्यात अर्थ नाही. वाचायला शिकलेल्या माणसाने पुढे बायबल वाचावं. पण त्या हेतूपोटी जे घडलं ते हेतूच्या मापात मावत नाही. एका सुटलेल्या गुलामाने दुसऱ्या सुटलेल्या गुलामाला, तिच्याच भाषेत, ‘तुला काय येतं’ असं विचारलं. आणि तिला पाचशे गोष्टी येत होत्या.

मराठीशी एक तुलना सुचते. १८९९ साली ओरोमो बायबल स्वित्झर्लंडमध्ये छापून झालं. त्याच वर्षी ऑक्सफर्डहून अल्फ्रेड मॅनवेअरिंग या मिशनऱ्याचा मराठी म्हणींचा संग्रह निघाला. मराठी म्हण, खाली इंग्रजी अर्थ. चांगलं काम आहे, आजही उपयोगी पडतं. पण ते बाहेरून आत डोकावणाऱ्यासाठी केलेलं आहे. ‘जल्कबा बर्सीसा’ हे ओरोमो पोरांनी ओरोमोत वाचायचं पुस्तक. त्यात तरसाला कातडं का हवं हे समजावून सांगायची गरज नाही. इंग्रजीत मात्र याच पुस्तकाला ‘गाला’ भाषेचं पुस्तक म्हटलं गेलं. ‘गाला’ हे ओरोमोंना बाहेरच्यांनी चिकटवलेलं नाव, आज ते शिवीसारखं लागतं. आत एक नाव आणि बाहेर दुसरं, असं हे पुस्तक.

बाईची अक्कल

इथे एक गोष्ट सांगायला मला जरा मजा वाटते. ओरोमो म्हणींत बाईबद्दल जे म्हटलं आहे ते आपल्या म्हणींच्या अगदी पंगतीला बसवण्यासारखं आहे. “हाढा इलाली, इन्तला फूढी”: आई बघ आणि मुलगी कर. ही त्यातल्या त्यात सौम्य, आपल्या ‘खाण तशी माती’ची सख्खी बहीण. पुढे उतार लागतो. बाया जाड असतात, शहाण्या नसतात, अशा अर्थाची म्हण आहे. बायको आणि गाढव दोघांना काठीने वठणीवर ठेवावं, अशीही आहे. मराठी वाचकाने नाक मुरडू नये; ‘बाईची अक्कल चुलीपर्यंत’ म्हणणारी तोंडं आपल्याही आळीत होती.

आणि ती अक्कल चुलीपर्यंतच होती असं मानलं, तरी पाचशेचा साठा त्या चुलीपाशीच तयार झाला.

म्हणी म्हणजे समाजाचं संपूर्ण मत, असं समजायची घाई मात्र करू नये. त्याच समाजात ‘सिन्के’ आहे. लग्नात मुलीला मिळणारी ही सडपातळ काठी तिच्या हक्काची खूण असते. एखाद्या बाईवर अन्याय झाला तर बाया सिन्के हातात घेऊन, गाणी म्हणत एकत्र बाहेर पडतात, आणि पुरुषांना त्याची दखल घ्यावी लागते. दोन भांडणाऱ्या गटांच्या मधे बाया सिन्के धरून उभ्या राहिल्या तर मारामारी थांबवायची, अशी रीत आहे. काठीबद्दलची म्हण आणि हातातली काठी, दोन्ही खऱ्या. म्हण पुरुषांच्या बैठकीत बोलली जाते, सिन्के रस्त्यावर येते. नुसता म्हणींचा संग्रह वाचून ओरोमो बाईबद्दल मत बनवलं तर ते मत त्या बैठकीपुरतंच असेल.

अस्तेरच्या बाबतीत मात्र बैठक जिंकली म्हणायची. बायबलच्या भाषांतरात तिने ओनेसिमोसबरोबर काम केलं. पुस्तकावर आणि पुढच्या इतिहासात भाषांतरकार म्हणून नाव राहिलं ते ओनेसिमोसचं. तो ढोंगी होता असं नाही. त्याची मेहनत अफाट होती आणि तिची गुणवत्ता पहिल्यांदा ओळखणाराही तोच. पण कोश जिचा, पाचशेचा साठा जिचा, भाषेचा कान जिचा, तिला शोधायचं तर आजही ओनेसिमोसच्या चरित्राच्या कडेकडेने शोधावं लागतं. धन्याने हाक मारल्याशिवाय शेजार धावत नाही हे खरं. पण हाक मारायला आधी धनी म्हणून नाव लागावं लागतं.

लिपीची पंचाईत

पुस्तक छापलं ते गीझ लिपीत, म्हणजे अम्हारिक ज्या लिपीत लिहितात त्या. तेव्हा हाताशी तीच होती. पण ओरोमो भाषेचा जीव जोडाक्षरात आणि स्वरांच्या लांबीत आहे. ‘बदा’ म्हणजे वाईट. ‘बद्दा’ म्हणजे थंड हवेचा डोंगराळ मुलूख. गीझमध्ये व्यंजन दुप्पट झालं की नाही ते दाखवायची सोय नाही. दोन्ही शब्द एकसारखेच दिसतात. इ आणि ई, उ आणि ऊ यांतला फरकही नीट दाखवता येत नाही. ज्या म्हणीचा ठेका अशाच जोडीवर उभा आहे ती कागदावर आली की तिचे दात पडतात.

मराठी माणसाला ही अडचण समजावून सांगायची गरज नसावी. मोडीत इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ नाहीत. मोडी पत्र ज्याने वाचलं आहे त्याला ठाऊक असतं की ‘दिन’ की ‘दीन’ हे अक्षर सांगत नाही, मजकूर सांगतो. आणि मजकूर ज्याला आधीच थोडाफार माहीत आहे त्यालाच मोडी सफाईने वाचता येते.

पुढे लिपीचा प्रश्न राजकारणाचा झाला. १९४० च्या दशकात सम्राटाच्या सरकारने शिक्षण अम्हारिकमधून सक्तीचं केलं आणि ओरोमो छपाईला जागा उरली नाही. मधल्या काळात शेख बक्री सपालो या विद्वानाने १९५० च्या दशकात ओरोमोसाठी स्वतंत्र लिपीच तयार केली, तीही दडपली गेली. १९७४ च्या क्रांतीनंतर साक्षरता मोहिमेत ओरोमोला जागा मिळाली, पण गीझ लिपीतच. १९९१ मध्ये सरकार बदललं आणि ‘कुबे’ ही रोमन अक्षरांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली गेली; तिच्यात दोनदा लिहिलं की दुप्पट, मग स्वर असो की व्यंजन. ‘बदा’ आणि ‘बद्दा’ अखेर वेगळे झाले. त्या वादाच्या दिवसांत एक म्हण वारंवार कामी आली असणार असं मला वाटतं, कारण ती आजही भाषेबद्दल बोलताना निघते: “कन अब्बान गाफा चब्से, ओर्मी इजा जाम्सा.” धन्यानेच ज्याचं शिंग मोडलं, त्याचा डोळा परका फोडतो.

नेकेम्ते

१९०४ साली अस्तेर, ओनेसिमोस आणि त्यांच्याबरोबरचे काही ओरोमो एरिट्रिया सोडून वोल्लेगात परतले. वोल्लेगा हा पश्चिमेचा ओरोमो मुलूख. नेकेम्ते तिथलं मुख्य गाव. तिथे त्यांनी शाळा काढल्या, आणि अस्तेर शिकवू लागली. लिम्मू-एन्नारिया हे राज्य तोवर संपलं होतं; इथिओपियाचा सम्राट मेनेलिक याच्या साम्राज्याने ते गिळलं होतं. ती परतली ते आपल्या गावी नव्हे, पण आपल्या भाषेत.

आता सुरुवातीच्या अडचणीचा निकाल लावता येईल असं वाटतं. इम्कुल्लूत लिहिताना म्हणींना प्रसंग नव्हता, फक्त आठवण होती. नेकेम्तेत त्याच म्हणी प्रसंगाच्या मधोमध येऊन पडल्या: बाहेर बाजार भरतोय, गुरं पिकात शिरताहेत, म्हातारे झाडाखाली बसलेत. आणि गीझ लिपीच्या पंचाईतीचा एक उलटा फायदा इथे दिसतो. वाचनपुस्तकातली म्हण नुसत्या अक्षरांवरून बरोबर वाचता येणार नव्हती. कुठे अक्षर दुप्पट, कुठे स्वर लांब, हे पानावर नव्हतंच. ज्या पोराने ती आधी ऐकली आहे त्यालाच ती जमायची. ज्याने ऐकली नाही ते अडखळायचं, आणि चुलीपाशी बसलेल्या, एक अक्षर न वाचता येणाऱ्या आजीने ती दुरुस्त करून म्हणायची.